दोन लुपेसिना आणि एक ओळ

गुरुवारी सकाळी शाळेच्या फलकावर परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी लागली आणि सिनाचं डोकं फिरलं, ते शुक्रवार दुपारपर्यंत काही ताळ्यावर आलं नाही. वर्गात मुलं चाळीस. यादीत नावं एकोणचाळीस. 'लुपेसिना तोआलिमा' हे नाव एकदाच होतं, आणि त्या नावाच्या मुली वर्गात दोन होत्या.

दोघी चुलत बहिणी. दोघींना एकाच आजीचं नाव ठेवलेलं, कारण आजी जिवंत होती आणि नाव ठेवलं नसतं तर तिने दोन्ही घरांत पाऊल टाकलं नसतं. घरात गोंधळ नको म्हणून नावाचे दोन तुकडे झाले. तीन आठवड्यांनी मोठी ती लुपे, धाकटी ती सिना. घरापुरता प्रश्न मिटला. पण शाळा पूर्ण नाव मागते, आणि शाळेपुढे आजीचं काही चालत नाही.

सिनाने त्या एका नावापुढचे गुण बोटाने वाचले. कॉम्प्युटर एकेचाळीस. तिचे होते अठ्ठ्याऐंशी, एकेचाळीस लुपेचे. इंग्रजी सेहेचाळीस. ते मात्र तिचेच, लुपेला एक्याऐंशी होते. गणितात कुणाचे होते देव जाणे. दोघींमधलं जे जे कमी तेवढं वेचून कुणीतरी तिसरीच मुलगी तयार केली होती, आणि त्या मुलीला कुठल्याही कॉलेजने दारात उभं केलं नसतं.

"चला, एकीचा तरी अभ्यास वाचला," मागून लुपे म्हणाली. ती वीतभर जास्त उंच, त्यामुळे तिला सिनाच्या डोक्यावरून यादी वाचता येत होती. "तू बस परीक्षेला. मी निघाले तारोच्या शेतावर."

"लुपे, उद्या बाराला ही यादी राजधानीला, आपियाला जायची आहे."

"मग?"

"मग काय मग? जिचं नाव गेलं नाही तिला या वर्षी बसता येणार नाही. आणि हे एकेचाळीस माझ्या नावावर गेले तर मला विद्यापीठाच्या तयारी वर्गात कोण घेणार? तिथे कॉम्प्युटरला सत्तर लागतात."

सिनाला सालोवा गावातून बाहेर पडायचं होतं. रागावून नाही, पळूनही नाही. सरळ बोटीत बसून आपियाला जायचं आणि कॉम्प्युटर शिकायचं. चौदाव्या वर्षापासून तिने दुसरा काही विचारच केला नव्हता. आणि आता ते सगळं एका ओळीत अडकलं होतं, तेही अर्ध्या ओळीत.

ती तडक ऑफिसात गेली. तिथे फिलोइआना, म्हणजे सगळ्यांची फिलोताई, पंख्याकडे पाठ करून नारळाचा गोड पाव खात होती. शाळेच्या तीनशे बारा मुलांची माहिती फिलोताईच्या कॉम्प्युटरात असते. सिनाने काय झालं ते सांगितलं. फिलोताईने बोटं पुसली आणि माउस हलवला.

"ऑक्टोबरात तुझा बाप आला होता," ती म्हणाली. "नवी लावालावा नेसून, कानामागे फूल वगैरे. म्हणाला, मी आता मताई झालो, मुलीचं आडनाव तोआलिमा लिहा. मी लिहिलं."

हे काही नवल नव्हतं. मुलांच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. बाप कुटुंबाचा मताई, म्हणजे कर्ता मानकरी, झाला की पदाचं नाव हेच त्याचं नाव होतं, आणि पोरांच्या मागेही तेच लागतं. तोवर सिना होती लुपेसिना इओसेफो. पण पदावर एकच माणूस बसतो असंही नाही. तोआलिमा घराण्याच्या फांद्या तीन, म्हणून तोआलिमाही तीन. एक लुपेचा बाप पेने, तो दहा वर्षांपासून. दुसरा ऑक्टोबरापासून सिनाचा बाप. तिसरा ऑकलंडला असतो आणि नाताळात फोन करतो.

"लिहिल्यावर काय झालं?" सिनाने विचारलं.

"मशीन म्हणालं, हे नाव आधीच आहे, त्याच ओळीत भरू का? मी म्हटलं हो."

"हो का म्हटलंत, ताई?"

"आता गं? तूच तर मला शिकवलंस." फिलोताईने पडद्याच्या कडेला चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद बोटाने दाखवला. त्यावर सिनाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'फिलोताई, असा प्रश्न आला की न विचारता हो दाबायचं. नाहीतर एकाच मुलाच्या दोन ओळी होतात.' खाली एक हसरा चेहराही काढला होता.

सिना त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा. शाळेचा हा सगळा डेटाबेस तिनेच बांधला होता.

मागच्या वर्षीचा तो तिचा प्रकल्प. आउकुसो सरांनी सांगितलं होतं, खेळणं नको, कुणाच्या तरी खऱ्या कामाला येईल असं काहीतरी करा. बाकीच्यांनी गाण्यांच्या याद्या केल्या, एकाने रग्बीच्या खेळाडूंची केली. सिनाने शाळेचं हजेरीपुस्तक उचललं. एक मोठा तक्ता, प्रत्येक मुलाला एक ओळ, प्रत्येक माहितीला एक रकाना: नाव, गाव, इयत्ता, गुण. फिलोताईची सवय अशी की मूल दिसलं की नवी ओळ. म्हणून सिनाने ते नाव तपासणारं कलम टाकलं आणि स्वतःवर भलती खूश झाली.

सरांनी तपासताना विचारलं होतं, "प्रायमरी की कुठली? प्रत्येक ओळीची स्वतःची खूण हवी, दुसऱ्या कुठल्याही ओळीशी न जुळणारी."

"नाव, सर."

"नंबरचा रकाना होता ना त्यात?"

"काढून टाकला. रिकामाच होता. सर, आपल्याकडे नंबर बसला देतात, माणसाला नाही. आणि मी तपासलंय, तीनशे बारा नावांत एकही नाव दोनदा नाही."

"आज नाही," सर म्हणाले होते. "उद्याचं काय? नाव बदलतं, सिना. खूण अशी हवी जी बदलत नाही आणि जिला काही अर्थ नाही. अर्थ असला की लोक त्यात हात घालतात. खूण मुकी हवी."

तिने हे वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण सर जे बोलतात ते परीक्षेत येतं. समजून घेतलं नाही. सरांनी वीसपैकी अठरा दिले. त्या दोन गुणांसाठी ती महिनाभर सरांशी नीट बोलली नव्हती.

आता ती त्याच सरांपुढे उभी होती. आउकुसो सर जाडजूड, शांत, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"ऑक्टोबरपासून तुम्ही दोघी एका ओळीत आहात," ते म्हणाले. "प्रत्येक शिक्षक आधी एकीचे गुण भरतो, मग दुसरीचे. दुसरे पहिल्यांवर बसतात. ज्याने जो पेपर शेवटी उचलला त्याचे गुण उरले."

"आणि पुसलेले?"

"कॉम्प्युटरातून गेले. शिक्षकांच्या वह्यांत असतील."

वह्यांत होते. सरांनी दुपारच्या सुट्टीत पाच शिक्षकांना पाच वह्या काढायला लावल्या, आणि सिनाने प्रत्येक वहीत डोकं घातलं. इंग्रजीच्या बाईंनी लिहिलं होतं 'लुपेसिना उंच' आणि 'लुपेसिना दुसरी'. गणिताच्या सरांनी 'लुपेसिना हसरी' आणि 'लुपेसिना दुसरी'. विज्ञानात 'लुपेसिना गाणारी' आणि 'ती दुसरी'. पाचही वह्यांत लुपेला काही ना काही होतं, आणि सिना पाचही ठिकाणी दुसरी होती. गुण सापडले याचा आनंद करावा की हे वाचून रडावं, तिला कळेना. कॉम्प्युटरच्या वहीत तरी असेल म्हणून तिने सरांची वही ओढली. तिथे 'लुपेसिना' आणि 'लुपेसिना वाद घालणारी' असं होतं.

"निदान तुम्ही तरी," ती म्हणाली.

"खोटं आहे का?" सरांनी विचारलं.

मुख्याध्यापिका सुलुआ बाईंनी शेवटचा शब्द सांगितला. बाई कमी बोलतात आणि बोललेलं बदलत नाहीत. एक मार्ग सोपा: सिनाने यादीपुरतं परत लुपेसिना इओसेफो व्हायचं, बापाने तसा अर्ज द्यायचा. दुसरा अवघड: तो काढून टाकलेला नंबरचा रकाना परत घालायचा, चाळीसच्या चाळीस मुलांना नंबर द्यायचे, आणि दोन्ही बापांनी सही करायची की हा नंबर आणि हे गुण माझ्याच मुलीचे. काहीही असो, उद्या यादी जायच्या आत. बारा वाजता यादी जाईल, जशी असेल तशी.

सोपा मार्ग सिना घरी घेऊन गेली आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बापापुढे ठेवला. घराला भिंती नाहीत, खांब आहेत. बाप आपल्या खांबाला टेकून बसला होता. पेने काकाही लुपेला घेऊन आले होते, ते समोरच्या खांबाला. मोठी माणसं बसलेली असताना उभं राहून बोलत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. त्यामुळे सिनाला आपला सगळा राग मांडी घालून, खाली बघून, हळू आवाजात मांडावा लागला. हे काही सोपं काम नाही.

"फक्त यादीपुरतं, बाबा. इओसेफो लिहायचं."

"इओसेफो कोण?" बापाने विचारलं.

"तुम्ही."

"मी तोआलिमा. इओसेफो गेला. सोळा डुकरं, चाळीस पेट्या डबाबंद मासळी आणि आजीच्या हातच्या चटया देऊन गेला. गावाने पोटभर जेवून त्याला निरोप दिला. सगळ्यांसमोर मी मानाच्या आवा पेयाची करवंटी तोंडाला लावली ती त्या नावाने का? आता एका यादीसाठी त्याला परत उठवून आणू?"

"शाळेचा कागद आहे. गावात कोण वाचणार?"

"फिलोइआना वाचेल," बाप म्हणाला. फिलोताईने वाचलेलं चर्चच्या गायकवृंदात दुसऱ्या दिवशी पोचतं.

सिनाने काकांकडे पाहिलं. काका पंखा हलवत म्हणाले, "माझ्याकडे बघू नको, पोरी. माझ्याकडे तर हे नाव आधीपासून आहे."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही दोन माणसं. मग तिने अवघड मार्ग काढला. नंबर. नावाला कुणी हात लावणार नाही. सगळ्या मुलांना यादीच्या क्रमाने एक ते चाळीस नंबर. दोघींचे येतात एकतीस आणि बत्तीस.

काकांचा पंखा थांबला. "एकतीस कुणाला?"

"कुणालाही, काका."

"कुणालाही कसं? पद आमच्या फांदीकडे आधी आलं."

"आणि वय?" बाप म्हणाला. "पेने, मी तुझ्याहून वर्षाने मोठा."

"वयाने मोठा. पदाने?"

"बत्तीस म्हणजे एकतीसच्या मागे बसणं. माझी मुलगी का मागे बसेल?"

"साधा आकडा आहे, बाबा," सिना म्हणाली. "त्यात मानपान नाही."

"मानपान नाही असं काही असतं का गावात?" काका म्हणाले, आणि गंमत म्हणजे दोन्ही तोआलिमांचं यावर लगेच एकमत झालं.

बरं, तिने विचार केला, लागोपाठचे नकोत. सात आणि बारा घ्या. काका म्हणाले, सात चांगला, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, तो लुपेला. बाप म्हणाला, मग बारा आम्हाला नको, बारा शिष्यांत दगाबाज यहूदाही आला. चाळीस? चाळीस दिवस प्रलयाचा पाऊस. तेरा तर कुणी तोंडातच घेईना. पाव शतक रविवारच्या शाळेत बायबल शिकवलेली माणसं, त्यांना अर्थ नसलेला आकडा सापडतोय कुठे.

"मला सैतानाचा सहाशे सहासष्ट द्या," मागून लुपे म्हणाली. "त्यासाठी कुणी भांडणार नाही." काकांनी पंख्याचा दांडा तिच्या गुडघ्यावर मारला.

सिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चौदाव्या वर्षापासूनची तिची बोट इथे दोन खांबांच्या मध्ये बुडत होती, आणि बुडवणारे तिला जीव लावणारेच. तिला ओरडायचं होतं. त्याऐवजी तिला अचानक वहीतलं ते वाक्य आठवलं, न समजता उतरवून घेतलेलं. खूण मुकी हवी. सात बोलतो, बारा बोलतो, एकतीस तर नुसता भांडतो. पुढचा-मागचाही कुणी कळू नये, देवाधर्माचंही त्यात काही नको.

"मी नंबर देत नाही," ती हळूच म्हणाली. "सरही देणार नाहीत. मशीनलाच काढू दे. चार आकडी, टोपीतून चिठ्ठी उचलल्यासारखा. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही."

बाप विचारात पडला. "हे मशीन कुठल्या घराण्याचं?"

"कुठल्याच नाही."

"कुठल्या गावचं?"

"गाव नाही त्याला, बाबा."

काकांनी पंखा पुन्हा हलवायला घेतला. शेवटी काका म्हणाले, "मग चालेल. त्याच्यावर कुणाला नाराज होता येणार नाही." आणि आईने मागच्या चुलीवरून तारो आणि मासळी आणली, कारण आता जेवायला हरकत नव्हती.

शुक्रवारी सकाळी आठपासून सिना सरांसोबत फिलोताईच्या कॉम्प्युटरपुढे बसली. तक्त्यात नंबरचा रकाना परत आला. नाव ही खूण राहिली नाही, नुसता एक रकाना झाला. मशीनने चाळीस आकडे काढले, आणि तेच आकडे बाईंच्या हुकमाप्रमाणे चाळीस ओळींना लागले. लुपेला आला दोन हजार आठशे एकावन्न. सिनाला सात हजार तीनशे सहा. वह्यांमधून दोघींचे गुण परत भरले, आणि सिनाने सरांना तक्त्याला प्रश्न विचारायला लावला: तोआलिमा आडनावाच्या सगळ्या ओळी दाखव. पडद्यावर दोन ओळी आल्या. दोनच, आणि वेगळ्या. तिने त्या दोन-तीनदा परत परत काढून पाहिल्या. तो प्रश्न विचारणाऱ्या कळीवर फिलोताईच्या पावाचा चिकटा होता, पण तिला काही वाटलं नाही.

मग तिने पडद्याच्या कडेचा तो पिवळा कागद काढला.

"राहू दे ना," फिलोताई म्हणाली. "चेहरा छान आहे."

सव्वाअकराला दोन्ही बाप आले. दोघांनी चर्चचे पांढरे सदरे घातले होते. सरांनी नंबर मोठ्याने वाचून दाखवले.

"दोन हजार आठशे एकावन्न," पेने काकांनी म्हणून पाहिलं. "दोन हजार आठशे एकावन्न. लहान आकडा म्हणजे पुढे येतो ना?" त्यांनी तो आणखी एकदा म्हटला, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"आणि सात हजार म्हणजे मोठा," बाप म्हणाला. दोघेही खूश. सिनाने त्यांना काही समजावलं नाही. कालपासून ती एवढं तरी शिकली होती.

सुलुआ बाईंनी दोन कागद पुढे केले. एक काकांनी घेतला, एक बापाने. दोघांनी सह्या केल्या आणि कागद परत दिले. बाईंनी एक वाचला, दुसरा वाचला, आणि चष्मा काढून ठेवला.

"यावर तोआलिमा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि यावरही तोआलिमा लिहिलंय."

"बरोबर," दोघे म्हणाले.

"मुलींना नंबर मिळाले. आता तुम्हा दोघांपैकी कोण कुणाचे वडील, हे या कागदावरून आपियाला कसं कळावं? उद्या तिकडून विचारलं तर मी काय सांगू?"

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. फिलोताईने सुचवलं, बापांनाही मशीनने नंबर काढून द्यावा, आणि बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा पावाकडे वळली. पद ज्याचं आधी तो हलणार नव्हता. पद ज्याचं नवं तो तर मुळीच हलणार नव्हता. नव्या मताईला एक पाऊल मागे घेणं जुन्यापेक्षा दहापट महाग पडतं, आणि तेही फिलोइआनासमोर.

सिना कोपऱ्यात उभी होती. रात्रभर तिने याच गोष्टीचा विचार केला नव्हता. तक्ता दुरुस्त झाला, आकडे मुके झाले, ओळी वेगळ्या झाल्या, आणि शेवटी गाडं कुठे अडलं तर माणसांच्या ओळीत, जिथे तिचं काही चालत नाही. तिला इतका कंटाळा आला, इतका, की राग धरून ठेवायलाही अंगात जोर उरला नाही.

"बाबा, राहू द्या," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बसेन."

तिने ते टोचण्यासाठी म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते लागलं असावं. बापाने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग हात पुढे करून बाईंच्या टेबलावरून आपला कागद परत ओढला आणि पेन मागितलं. तोआलिमाच्या खाली त्याने एकेक अक्षर काढत, नुकतंच लिहायला शिकल्यासारखं, लिहिलं: इओसेफो.

पेने काका त्या वेळी खिडकीतून बाहेरच्या नीरफणसाच्या झाडाकडे बघत होते. झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं. तरी कागद बाईंच्या हातात जाईपर्यंत ते तिकडेच बघत राहिले, आणि फिलोताईनेही आयुष्यात पहिल्यांदाच काही वाचलं नाही. बाईंनी मान हलवली. बाराला आठ मिनिटं असताना यादी गेली. चाळीस ओळी.

परतीच्या वाटेवर बाप पुढे चालत होता आणि सिना मागे. त्याचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण त्यांच्या घरात अशा वेळी कुणी बोलत नाही.

"नंबर लिहून देऊ का तुम्हाला?" तिने शेवटी विचारलं. "निकाल लागेल तेव्हा नंबरानेच लागेल."

"ऐकलाय मी," बाप म्हणाला. "लक्षात आहे."

रविवारी चर्चहून आल्यावर आईने तिला घरातलं बायबल पेटीत ठेवायला सांगितलं. जड, कातडी पाठीचं, आजीच्याही आधीचं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरात जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव आणि तारीख आहे. चार पिढ्या, कुणाची शाई तपकिरी, कुणाची निळी. ते पान आईचं आणि आजीचं. बापाने त्यावर कधी काही लिहिल्याचं सिनाला आठवत नव्हतं. सिनाने सहज आपलं नाव शोधलं.

'लुपेसिना' आणि तारखेच्या पुढे ताज्या काळ्या शाईने, मोठ्या, कष्टाने काढलेल्या आकड्यांत नंबर लिहिलेला होता. दोन हजार आठशे एकावन्न.

तो लुपेचा होता. काकांनी ऑफिसात तीनदा मोठ्याने म्हटलेला.

सिनाने पेटीतलं पेन उचललं. मग ठेवलं. बायबलात खाडाखोड करत नाहीत. खांबाजवळून बाप तिच्याकडे न बघता पंखा हलवत होता, आणि ती पानाशी किती वेळ थांबली हे त्याने नीट मोजलं होतं.

"बरोबर आहे ना गं?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली आणि बायबल मिटलं.